इंदूरच्या नळाचा पाऊस नेमका कुठे पडतो?

रामबागकर

जुलै संपत आला की आपल्याकडे राजवाड्यापासून अन्नपूर्णेपर्यंत एकच चौकशी असते: किती इंच झाला? आकडा अडतीस इंचांच्या आसपास गेला की लोक निर्धास्त होतात, "चला, यंदा पाण्याचं मिटलं." ही समजूत मला मनापासून खुपते, म्हणून धागा काढतोय. इंदुरात पडणाऱ्या पावसाचा आणि घरच्या नर्मदेच्या नळाचा फार थोडा संबंध आहे. नळाला येणारा पाऊस मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर, पचमढी, बैतूल या पट्ट्यात पडतो, आपल्यापासून दोनशे ते पाचशे किलोमीटर पूर्वेला.

आधी आपण कुठे बसलोय ते पाहू. इंदूर गंगेच्या खोऱ्यात आहे. गच्चीवरचं, रस्त्यावरचं पाणी सरस्वती आणि कान्ह नद्यांत जातं, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून पुढे निघतं, उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळतं. क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागला गंगेला. रामबागेतली सर शेवटी बंगालच्या उपसागराला जाते आणि नळातलं पाणी ज्या नदीचं, ती भरुचच्या पुढे खंबातच्या आखाताला.

ही वाटणी शहराच्या दक्षिणेला अगदी जवळ होते. खंडवा रोडने सिमरोल ओलांडून घाट सुरू झाला, किंवा महूवरून मानपूरचा उतार लागला, की तुम्ही नर्मदेच्या पाणलोटात शिरलात. डोळ्यांनी पाहायचं असेल तर जानापावला जा. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेला बरेच जण जातात, पण तोवर ओढे आटत आलेले असतात. ऑगस्टमध्ये जा. उत्तरेच्या उतारावरचं पाणी गवतातून पसरत, घाई न करता निघतं. ते गंभीर आणि चंबळेचं. दक्षिणेला मात्र घळी एकदम तुटतात आणि काळ्या दगडावरून पाणी आवाज करत खाली जातं. ते कारम-चोरलच्या वाटेने नर्मदेचं. इथून साडेसात नद्या निघतात असं तिथले लोक सांगतात. एकाच डोंगरावरच्या सरीचा एक वाटा तीस-चाळीस किलोमीटरांत नर्मदेला पोचतो, दुसरा चंबळेबरोबर ९६० किलोमीटर चालून यमुनेला मिळतो.

कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. माळव्याचं पठार बेसॉल्टच्या थरांचं, उत्तरेकडे हलकं कललेलं. त्याची दक्षिणेची कड म्हणजे विंध्य. तिच्या पायथ्याशी नर्मदा खचदरीतून पश्चिमेला वाहते, पलीकडच्या काठाला सातपुडा. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर, तर मंडलेश्वरची नर्मदा जेमतेम दीडशे मीटरवर.

"मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर" हे जुन्या इंदूरला पुरेसं होतं. बिलावली, सिरपूर, गंभीरवरचा यशवंत सागर, सगळं आपल्याच पठारावरचं पाणी. शहर वाढलं तसं ते पुरेना. १९७० च्या पावसाळ्यात 'नर्मदा लाओ' आंदोलन पेटलं आणि १९७८ मध्ये नर्मदा मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढून इंदुरात आली. तेव्हापासून आपण राहतो एका खोऱ्यात आणि पितो दुसऱ्या खोऱ्याचं.

आता ते दुसरं खोरं. नर्मदा अमरकंटकला सुमारे १,०५७ मीटर उंचीवर उगम पावते आणि १,३१२ किलोमीटर वाहते. पाणलोट क्षेत्र ९८,७९६ चौरस किलोमीटर, त्यातला बहुतांश भाग मध्य प्रदेशात. थोडा गुजरात, थोडा महाराष्ट्र, थोडा छत्तीसगड. लांबच लांब, अरुंद पट्टा. ४१ मोठ्या उपनद्या: सातपुड्याकडून डाव्या काठाला २२, विंध्याकडून उजव्या काठाला १९. विंध्याची कड नदीला खेटून असल्यामुळे उजवीकडच्या बहुतेक उपनद्या आखूड. डाव्या बाजूच्या तवा, शक्कर, दुधी, छोटा तवा लांबून पाणी गोळा करतात आणि त्यांच्या माथ्यावरच पाऊस जास्त. पचमढीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो; तिथलं पाणी देनवामार्गे तव्यात येतं. मंडला-दिंडोरीकडे चौदाशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्या खाली बडवानीकडे जेमतेम सात-आठशे. म्हणजे जलूदला पोचेपर्यंत नदीचं खरं भरण झालेलं असतं. जलूदच्या वरचं पाणलोट सत्तर हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे आणि त्यात इंदूर शहर कुठेच नाही.

परिक्रमा केलेले, तवा किंवा जबलपूरकडे राहिलेले, विंध्याखालच्या निमाडात शेती असलेले कोणी इथे असतील तर जरूर लिहा.

मेधाविनी

काका, फार छान मांडलंत. आमच्या घरी रोज सकाळी "नर्मदा आली का?" हाच पहिला प्रश्न असतो, पण ती येते कुठून हे मुलांना कधी सांगितलं नव्हतं. काल नकाशा पसरून बसलो. धाकटीने विचारलं, आपण वापरलेलं नर्मदेचं पाणी मग जातं कुठे? कान्हेतून क्षिप्रेत, म्हणजे गंगेकडे? तसं असेल तर नर्मदेचं पाणी नर्मदेला परत मिळतच नाही.

पाणीवाला

धाकटीला शाबासकी द्या. प्रश्न अगदी नेमका आहे. उत्तर: नाही मिळत. नदीकाठच्या गावाने पाणी घेतलं तर त्यातला मोठा भाग वापरून, कसाही असो, त्याच नदीत परत जातो. विभाजनरेषेपलीकडे नेलेलं पाणी त्या खोऱ्यापुरतं कायमचं गेलं. नोकरीची बरीच वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, त्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी जोडतो.

जलूदला नदीतून उचललेलं पाणी टप्प्याटप्प्याने घाटमाथ्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत चढवतात. चढ चारशे मीटरहून जास्त, अंतर सत्तर किलोमीटरच्या घरात. वांचू पॉइंटनंतर पाणी उताराने शहराकडे येतं. पंप रात्रंदिवस चालतात आणि विजेचं बिल हा या योजनेचा सगळ्यात मोठा खर्च आहे. तुमची गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा विंध्य चढून आलेलं पाणी वाहून जात असतं.

दुसरं गढूळपणाचं. रामबागकर म्हणतात इंदूरच्या पावसाचा संबंध थोडा, तो थोडा संबंध चोरलचा आहे. महूच्या बाजूला, पातालपाणी, कालाकुंड, सिमरोलच्या घाटात धो धो पाऊस झाला की चोरल काही तासांत फुगते आणि बडवाहजवळ नर्मदेत लाल-तपकिरी माती आणून टाकते. मंडलेश्वर त्याच्या खालच्या अंगाला. पाण्याचा रंग बदलला की तुरटीची मात्रा वाढवावी लागते, निवळायला वेळ लागतो, पुरवठा कमी होतो. भर पावसाळ्यात नळाला पाणी कमी का, असं लोक चिडून विचारायचे, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असायचं. आपल्या जवळचा पाऊस नळाला पाणी देत नाही, माती मात्र देतो. चोरलच्या उतारावरचं रान टिकवण्यात इंदूरचा थेट स्वार्थ आहे. तिंछा धबधब्यावर सहलीला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

तिसरं, उन्हाळा. मे महिन्यात जलूदला जे पाणी असतं ते मागच्या पावसाळ्याचं, इंदिरा सागरात साठवलेलं. १२ अब्ज घनमीटरच्या वर साठा, देशातला सगळ्यात मोठा जलाशय. तिथली आणि ओंकारेश्वरची जनित्रं जशी चालतात तशी खाली नदीची पातळी दिवसात वर-खाली होते. ओंकारेश्वरला पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो तो त्यासाठीच. घाटावर असाल तर तो वाजताच वर या, पाणी फार पटकन चढतं.

निमाडी

सनावदकडे आमची तीन पिढ्यांची शेती. कापूस, मिरची, आता थोडा गहू. इंदूरच्या पाहुण्यांना निमाड म्हणजे नुसती उष्णता वाटते, तेव्हा थोडं लिहितो.

मे महिन्यात रात्री आठला मानपूरचा घाट उतरून बघा. माथ्यावर वारा गार असतो, माळव्याची संध्याकाळ म्हणून ज्याचं कौतुक होतं तो. घाट उतरत गेलं की गाडीच्या काचेतून येणारी हवा बदलते आणि धामनोदला पोचेपर्यंत ती अंगाला चिकटते. चारशे मीटर खाली आलात म्हणून काही अंश वाढले, शिवाय दोन्हीकडे डोंगर असल्यामुळे दिवसभर तापलेला काळा दगड रात्रीही दरी गरम ठेवतो. खरगोनचा पारा ४५ च्या पुढे जाणं आम्हाला नवीन नाही.

पाऊस कमी त्याचंही कारण सातपुडाच. नैऋत्येचा वारा आधी सह्याद्रीवर, मग सातपुड्यावर ओझं उतरवून येतो आणि आमच्याकडे खाली उतरताना कोरडा होतो. खोऱ्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाल तसा पाऊस घटत जातो, बडवानीपर्यंत. पुढे गुजरातच्या हद्दीकडे तो पुन्हा वाढायला लागतो, कारण तिथे अरबी समुद्राची शाखा थेट पोचते.

म्हणून आमच्याकडे पीकही तसंच. कापसाला काळी माती आणि ऊन हवं, मिरचीला काढणीच्या वेळी कोरडी हवा हवी. बेडियाची मिरची मंडी उगाच तिथे उभी नाही राहिली. थंडीत तिकडून जाल तर रस्त्याकडेच्या शेतांत लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात, वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो. तोच माल ऑक्टोबरच्या अवेळी पावसात सापडला तर दोन दिवसांत काळा पडतो. हल्ली हे वारंवार होतंय.

एक विनंती. इंदूरकरांनी नर्मदेवर हक्क सांगताना हेही आठवावं की काठावरची पुष्कळ गावं अजून बोअरवर आहेत.

वाऱ्याचीदिशा

या धाग्याची वाटच पाहत होते. हवामान हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळे लांब लिहिणार आहे.

नर्मदेच्या वर्षभराच्या पावसापैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा मोजक्या वादळी दिवसांत. हे दिवस आणतात बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं. ती ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि त्यांचा मुसळधार पाऊस केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र बुंदेलखंड-भोपाळच्या आसपास असलं की नैऋत्येला काय येतं ते नकाशात पाहा: नर्मदेचं खोरं, अगदी त्याच्या लांबीवर.

आता नदीच्या दिशेचा विचार करा. महानदी, गोदावरी पूर्वेला वाहतात. वादळ त्यांच्या मुखाकडून उगमाकडे जातं. खालचं पाणी समुद्राला लागतं, मग वरचं येतं. नर्मदा पश्चिमेला वाहते आणि वादळही पश्चिमेला जातं. आधी मंडला-जबलपूर, मग नर्मदापुरम, मग खंडवा, मग राजपीपला. वरून निघालेला लोंढा खाली येत असताना वाटेतल्या प्रत्येक उपनदीला नुकताच पाऊस मिळालेला असतो, तिचं पाणी त्याच लोंढ्यात पडतं. त्यातून खोरं अरुंद, उपनद्या उताराच्या, आणि नदीचा बराच मार्ग खडकातून कोरलेला. पसरायला जागा नसली की पाणी उभं चढतं.

सप्टेंबर १९७० मध्ये गुजरातमधल्या गरुडेश्वरला सुमारे ६९,४०० घनमीटर प्रति सेकंद इतका प्रवाह मोजला गेला, म्हणजे जवळपास साडेचोवीस लाख क्युसेक. इंदुरात 'नर्मदा लाओ'च्या घोषणा थांबून जेमतेम काही दिवस झाले होते.

पूर आजच मोठे होतात का, असं कोणीतरी विचारेल. पुनासाच्या घळीजवळ ओढ्यांच्या तोंडाशी जुन्या पुरांनी टाकलेले बारीक वाळू-गाळाचे थर आहेत. लोंढा मुख्य प्रवाहातून जाताना बाजूच्या खबदाडीत पाणी संथ होतं, तिथे गाळ बसतो, आणि थर जितका उंचावर तितका पूर मोठा. पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या थरांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मोजपट्टी लागण्याच्या शेकडो वर्षं आधीचे पूर त्यामुळे वाचता आले. आपल्याकडच्या नद्यांवर असं काम फार थोडं झालंय आणि मला ते अतिशय मोलाचं वाटतं.

आणि २०२३ तर सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. सप्टेंबरच्या मध्यात एक कमी दाबाचं क्षेत्र आलं आणि चित्र पालटलं. इंदूर पाण्यात, ओंकारेश्वरचे घाट पाण्याखाली, मोरटक्क्याचा पूल बंद. महिन्याभराची तूट दोन-तीन दिवसांत भरली. वर्षाची सरासरी बघून खोऱ्याचं हवामान कळत नाही, ते या कारणाने. सरासरीत अशी दोन-तीन वादळं दडलेली असतात. ती उत्तरेला राजस्थानकडे वळली तर नर्मदेचं वर्ष कोरडं जातं, इंदुरात पाऊस बरा झालेला असला तरीही.

भरुचकर

सप्टेंबर २०२३ ची खालची बाजू मी पाहिली. १७ तारखेला सरदार सरोवरातून सुमारे १८ लाख क्युसेक सोडलं. आमच्याकडे गोल्डन ब्रिजला धोक्याची खूण २४ फुटांवर आहे; पाणी ४० च्या वर गेलं. अंकलेश्वरकडच्या सोसायट्यांत पहिला मजला बुडाला. माझे मामा इंदूरला, त्यांचा फोन आला तेव्हा तिथे पाऊस ओसरला होता आणि आमच्याकडे पाणी चढत होतं.

एरवी आमची अडचण उलटी असते. खंबातच्या आखाताची भरती देशात सर्वांत उंच भरत्यांपैकी. उन्हाळ्यात वरून पाणी कमी आलं की भरती नदीत आत शिरते आणि काठच्या विहिरी खारट होतात. भाडभूतच्या मच्छीमारांचं पावसाळ्यातलं हिलसाचं उत्पन्न गोड्या पाण्याच्या लोंढ्यावर अवलंबून; मासा अंडी घालायला त्या पाण्याच्या ओढीनेच वर येतो.

संस्कारधानी

जबलपूरहून नमस्कार. वरच्या अंगाचंही ऐका.

इथे नर्मदा अजून लहान आहे. डोंगर मैकलचे, रान सालाचं. बुढनेर आणि बंजर या दोन उपनद्या डाव्या बाजूने येतात, बंजर कान्हाच्या जंगलाला लागून. थंडीत अमरकंटक-दिंडोरीकडे पहाटे दव गोठतं, त्याच दिवशी निमाडात लोक दुपारी सावली शोधत असतील. अमरकंटकही तुमच्या जानापावसारखंच: नर्मदा पश्चिमेला, शोण तिथूनच उत्तरेला वळून गंगेकडे.

पावसानंतर, म्हणजे डिसेंबर ते मे, नदीत जे पाणी झिरपून येतं ते या रानाच्या जमिनीतून. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सालाच्या झाडांना पोखरणाऱ्या किड्याची साथ आली आणि मंडला-दिंडोरीत असंख्य झाडं तोडावी लागली. ते तोडलेले उतार मी पाहिलेत. पहिल्याच पावसात तिथले ओढे गढूळ झाले आणि दिवाळीपर्यंत बारीक. इंदूरकरांचा नळ या उतारांना बांधलेला आहे असं मी आमच्याकडे सांगतो तेव्हा लोकांना खरं वाटत नाही.

मेधाविनी

क्षिप्रेत नर्मदा सोडतात म्हणतात, तेही याच हिशेबात धरायचं का?

पाणीवाला

हो. २०१४ पासून ओंकारेश्वर प्रकल्पाचं पाणी उचलून उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेच्या उगमापाशी सोडतात. गंभीर, पार्वती, कालीसिंध यांच्याकडे नेण्याच्या योजनाही आहेत. सगळं विंध्य ओलांडूनच.

याला मर्यादा आहे आणि ती कागदावर लिहिलेली आहे. डिसेंबर १९७९ च्या नर्मदा लवादाने चारपैकी तीन वर्षं मिळेल असं पाणी २.८ कोटी एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट) धरलं. मध्य प्रदेशला १.८२५ कोटी, गुजरातला ९० लाख, राजस्थानला ५ लाख, महाराष्ट्राला अडीच लाख. निमाडचं सिंचन, इंदूर-उज्जैनचं पिणं, माळव्याच्या योजना, सगळं त्या १.८२५ कोटींतून. चौथ्या, कोरड्या वर्षी वाट्यातच तूट असते. निमाडींची विनंती म्हणूनच मला रास्त वाटते.

सुखनिवास

नवीन सभासद. वाचून एकच विचारतो: इंच नको तर मग पावसाळ्यात बघायचं काय?

रामबागकर

सुखनिवास, धरणांच्या पातळ्या बघा, वर्तमानपत्रात येतात. बरगी ४२२.७६ मीटरला पूर्ण भरतं, तवा ११६६ फुटांना, इंदिरा सागर २६२.१३ मीटरला, ओंकारेश्वर १९६.६ ला. बरगी भरलं तर मंडला-दिंडोरीत चांगला झाला, तवा भरलं तर पचमढी-बैतूलकडे. आपल्यासाठी मुख्य इंदिरा सागर. सप्टेंबरअखेर ते भरलेलं असेल तर पुढचा उन्हाळा बरा. नर्मदापुरमला सेठानी घाटाची पातळी ९६७ फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे चालली असेल तर ओंकारेश्वर-मंडलेश्वरला जायचा बेत पुढे ढकला.

इंदूरचे इंच मोजणंही सोडू नका. अर्धं शहर बोरिंगवर आहे आणि बोरिंगचं पाणी मात्र इथल्याच पावसाचं. यशवंत सागरही त्यावरच भरतो. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून मुरतं, त्यामुळे एका दिवसात चार इंच पडून वाहून गेलेल्या पावसापेक्षा आठवडाभर झिमझिमणारा पाऊस बोरिंगला जास्त देतो. तुमच्या सोसायटीत गच्चीचं पाणी जमिनीत सोडायची सोय आहे का? नसेल तर खड्ड्याचं माप, गाळणीचे थर, खर्च असं सगळं पाणीवाला यांना विचारून इथेच टाकतो.

पाणीवाला

गच्चीचं क्षेत्रफळ आणि बोरिंगची खोली कळवा. आणि बोरिंगमध्ये पाणी सरळ सोडू नका, आधी गाळणी हवीच. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह ठेवा.